मोज्यावरून मोजलेला पाय

सदाशिव पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचे पाय बघते. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. हातापायांच्या रक्तवाहिन्यांतून रक्त नीट वाहतंय का, हे सुई न टोचता तपासणं हे माझं काम. पेशंटला दहा मिनिटं शांत पडून राहायला सांगायचं. मग दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाबाचे पट्टे बांधायचे, पावलावर जेली लावायची आणि पेनाएवढा डॉपलरचा प्रोब टेकवून रक्ताचा आवाज शोधायचा. पट्टा फुगवला की आवाज बंद पडतो. हवा सोडत गेलं की ज्या आकड्यावर तो परत येतो, तो त्या जागेचा दाब. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं. उत्तर एकाच्या आसपास आलं तर बरं, बरंच खाली आलं तर पायाकडे जाणारी वाट कुठेतरी तुंबली आहे. गणित चौथीतल्या पोराला जमेल असं आहे. अवघड आहे ते लोकांना मोजे काढायला लावणं.

लोक डॉक्टरपुढे तोंड उघडतात, पोट उघडं करतात, पाय मात्र दाखवायला लाजतात. भेगांची लाज, वाढलेल्या नखांची लाज, वासाची लाज. "वरूनच बघा ना," म्हणतात. मी ओरडते. गोड बोलून पाहिलं आहे, त्यात वेळ जातो आणि शेवटी मोजा पायातच राहतो. लॅब ज्यांची आहे त्या डॉक्टर, आमच्या मॅडम, मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमचा आवाज जिन्यापर्यंत येतो. डॉपलर बंद ठेवला तरी चालेल." पुण्यात असं कुणी बोललं तर ते कौतुक समजायचं की कानउघाडणी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. मी कौतुक धरलं होतं.

वीस वर्षांच्या नोकरीत एका माणसाच्या पायाला मात्र मी कधी हात लावला नव्हता. तो म्हणजे माझा मामा.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. मामा तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तो गावाला आला, तेराव्यापर्यंत थांबला आणि आईला आणि मला घेऊनच पुण्याला परतला. विश्रांतवाडीत त्याच्या दोन खोल्या होत्या. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. माझी शाळा, कॉलेज, हा कोर्स, लग्न, सगळं त्या दोघांनी केलं. आणि ज्यानं हे सगळं केलं त्याच्या पाया पडायला मला बंदी होती. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पूज्य, तिचा हात आपल्या पायाला लागला तर पाप आपल्याला. मी परीक्षेला निघाले की, सासरी निघाले की, दर दिवाळीला, हा माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस वाकून माझ्या पावलांना हात लावतो आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावतो. शाळेत असताना वर्गातल्या दोन मुलींनी हे दारातून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकमेकींच्या पाया पडून दाखवलं. मी आठवडाभर मामाशी धड बोलले नाही. त्याचं काय चुकलं होतं हे त्याला कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मामाला वीस-बावीस वर्षांचा मधुमेह. निवृत्त झाल्यावरही तो दर आठवड्याला बसनं मनपाच्या थांब्यावर उतरायचा आणि चालत बुधवार पेठेत यायचा, इलेक्ट्रिकच्या दुकानांतून फिरायला. घ्यायचं काही नसायचं. गेल्या वर्षी एका दुपारी स्कूटरवरून जाताना मी त्याला एका दुकानासमोर उभा पाहिला. वीसेक मिनिटांनी काम उरकून परत आले तर तो जेमतेम चार दुकानं पुढे सरकला होता आणि पुन्हा उभा होता, काचेतल्या फिटिंगांकडे बघत.

"मामा, अख्खं बुधवार विकत घेतोस का?" मी गाडी थांबवून विचारलं.

तो हसला. "पाय भरून येते, बाई. जरासं उभं राह्यलं का मोकये होते."

चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते. आमच्या कामात याहून ठळक लक्षण नाही. रक्त कमी पडायला लागलं की स्नायू चालताना कुरकुरतो आणि उभं राहिलं की गप्प होतो. कितीतरी पेशंट दुकानांसमोर थांबत थांबत जातात आणि घरच्यांना वाटतं की म्हातारा रेंगाळतोय. हे मला पाठ आहे. पण पुस्तकात ते 'वेदना' या शब्दाखाली दिलेलं आहे, आणि पाय भरून येणं म्हणजे आपल्याकडे दमणं. लग्नघरात राबलेल्या बाईचे पाय भरून येतात, बाजार करून आलेल्याचे भरून येतात. त्याला कुणी आजार म्हणत नाही. मी म्हटलं, "वय झालं आता, रिक्षा करत जा," आणि निघून गेले.

तपासणी झाली ती मामीच्या हट्टामुळे. 'तुह्या लॅबमंदी एवढे लोक येते, घरच्या माणसालेच का नाई पाहात' असं ती दोन महिने म्हणत होती. शेवटी एका शनिवारी दुपारी ती त्याला घेऊन आली. शनिवार आमच्याकडे सगळ्यात वाईट. बाकं भरलेली, दुसरी टेक्निशियन रजेवर, मॅडम पलीकडच्या खोलीत पेशंट तपासत होत्या. मी मामाला आत घेऊन पडद्याच्या अलीकडच्या खुर्चीवर बसवलं. पडद्यापलीकडे पलंगावर एक म्हातारी होती. तिची पट्टी सोडली तर टाचेच्या जखमेवर हळद आणि चुन्याचा सुकलेला थर.

माझा तोल गेला. "ही काय भिंत आहे का चुना लावायला? आणि किती दिवस झाकून ठेवलंय हे? उद्या पाय कापायची वेळ आली की रडत याल आमच्याकडे." तिची सून फरशीकडे बघत राहिली. मी थर काढला, जखम पुसली, दाब मोजला आणि पुसताना आणखीही बरंच बोलले. त्यातलं चुकीचं काहीच नव्हतं.

मग मामा पलंगावर आला. "मोजे काढ," मी म्हटलं.

"नाई."

"मामा, बाहेर सहा जण आहेत."

"तुह्या हात माह्या पायाले? नाई, बाई. दुसरं कोणी असन तर करू दे. नाईतर राहू दे."

दुसरं कुणी नव्हतं. मामी म्हणाली, "एवढं आले तर करून घ्या," आणि तो छताकडे बघत राहिला. मोजे गडद निळे, पातळ होते. लॅबमध्ये एक स्वयंचलित यंत्रही आहे. चार पट्टे बांधून बटण दाबलं की ते स्वतःच दाब मोजतं, प्रोब लागत नाही, आवाज ऐकावा लागत नाही. गर्दीच्या दिवशी ते बरं पडतं. मी मोज्यांवरूनच पट्टे बांधले. त्याच्या कातडीला माझं बोटही लागलं नाही. पट्टे फुगत होते तेव्हा त्यानं छातीवर हात जोडून ठेवले होते.

उजव्या पायाचं उत्तर आलं एक पूर्णांक एक. डाव्याचं एक पूर्णांक तीन.

"डावा पाय उजव्यापेक्षा तरुण आहे तुझा," मी म्हटलं, आणि मामी इतकी सुखावली की तिनं पदरानं तोंड पुसलं.

रिपोर्टसोबत एक फॉर्म भरावा लागतो. चालताना वेदना? मी विचारलं, "मामा, चालताना दुखतं का?" तो म्हणाला, "दुखत नाई. भरून येते." मी 'नाही'वर खूण केली. पायावर जखम? मी त्या निळ्या मोज्यांकडे पाहिलं आणि 'नाही'वर खूण केली. शनिवारच्या गठ्ठ्यात मॅडमची सही झाली. निघताना मी मामाला सांगितलं की रोज चालत जा, रक्त फिरतं राहतं.

आकडा खोटा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं आणि भिंत पाइपासारखी कडक होते. पट्टा कितीही आवळला तरी ती दबत नाही, आणि यंत्र समजतं की आत दाब भरपूर आहे. आत खरं तर थेंब-थेंब चाललेलं असतं. म्हणून मधुमेही माणसाच्या घोट्याचा आकडा चांगला आला तर खूश व्हायचं नाही, पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथला दाब बघायचा. नव्यानं शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला हे मी पहिल्या आठवड्यात सांगते.

पाच आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, लॅब उघडत असताना मामीचा फोन आला.

"अवं, यायच्या मोज्याले वास येऊन राह्यला."

मी किल्ली कुलपात तशीच ठेवली. "कसला वास?"

मामीनं जे सांगितलं ते असं. मामा रोज सकाळी आळंदी रस्त्यानं चालायला जायचा, मी सांगितलं म्हणून. चार-पाच दिवसांपासून तो मोजे घालूनच झोपत होता. काल तिनं तो झोपेत असताना मोजा ओढला, तर डाव्या पायाची करंगळी काळी पडलेली आणि खालून ओली. ती त्याला तशीच जवळच्या सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी परवा, गुरुवारी सकाळी, करंगळी काढायची ठरवली होती.

"काळजीचं काई नाई म्हने," मामी म्हणाली. "बोट काढलं का जखम भरून येईन. रक्त चांगलं फिरते, रिपोर्टच हाय ना. म्या तुहाच रिपोर्ट दाखवला त्यायले."

तिच्या आवाजात अभिमान होता. 

रक्त पोहोचत असेल तर कापलेली जागा भरते. पोहोचत नसेल तर ती भरत नाही, कापलेल्या जागेवरून काळेपणा वर चढतो. मग पाऊल काढावं लागतं, मग गुडघ्याखालून पाय. मी असे पाय बघितले आहेत, आणि पुढच्या भेटीला ते आलेच नाहीत हेही बघितलं आहे. गुरुवारी सकाळी एक भला माणूस माझ्या कागदावर विश्वास ठेवून मामाचं बोट कापणार होता.

मॅडम आल्या तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मोजे, यंत्र, दोन खुणा. त्यांनी रिपोर्टची प्रत मागवली, चष्मा लावला, वाचली.

"मोज्यावरून मोजलंत," त्या म्हणाल्या. "उत्तम. उद्यापासून शर्टावरून ईसीजी काढत जाऊ."



"आणि ही सही माझी आहे," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, आता त्या आवाजात टोमणा नव्हता. "सर्जनना फोन तुम्ही करताय की मी करू?"

"मी करते."

फोन लावताना माझा अंगठा दोनदा चुकीच्या आकड्यावर पडला. सर्जननी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा रिपोर्ट तुमच्याच लॅबचा आहे ना?"

"हो. मीच केलाय. तो चुकीचा आहे."

"कशावरून म्हणता?"

"मी पाय बघितलाच नव्हता. जखम नाही असं मी न बघता लिहिलं."

मग ते म्हणाले की साखर वाढलेली आहे, जंतुसंसर्ग वर सरकतोय, त्यामुळे फार थांबता येणार नाही. उद्या दुपारी बारापर्यंत नवा रिपोर्ट द्या, नाहीतर ताप चढला तर मला जे करायचं ते मी करेन. त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी नऊला मामा आला. रिक्षातून उतरून दोन मजले चढताना तो तीनदा थांबला. या वेळी थांबायला दुकानं नव्हती, नुसता कठडा होता. मॅडमना एका हॉस्पिटलमध्ये आधीच ठरलेली शस्त्रक्रिया होती, त्या तीनच्या आत येणार नव्हत्या. दुसरी टेक्निशियन नेमकी पुन्हा रजेवर. मी बाकीच्या सगळ्या पेशंटना दुपारनंतर यायला सांगून दार लावून घेतलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. वास पट्टीतूनही येत होता.

मामा पलंगाच्या कडेला बसला आणि पाय लोंबते ठेवून म्हणाला, "तुह्या मॅडम येते ना तीनले? तीनले करू."

"तीनला उशीर होईल."

"एवढे दिवस झाले, सहा घंट्यानं काय होते?"

मी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळाला हात लावायला बंदी नव्हती. ते तापलं होतं. मला राग आला, नेहमीचा, नाकाच्या शेंड्यावर असतो तो. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. मला रडू कोसळलं. लॅबमध्ये मी रडले ती त्या एकाच दिवशी.

"मामा, मी खोटं लिहिलंय," मी म्हटलं. "तुझ्या पायाला जखम नाही असं मी न बघता लिहिलं. त्या कागदावर उद्या तुझं बोट कापणार आहेत. ते भरणार नाही. मग पाय जाईल तुझा. गुडघ्यापासून जाईल. मला बघू दे."

मामी भिंतीला टेकली. तिला हे आत्ताच कळत होतं. काल फोनवर तिला सांगायचा धीर मला झाला नव्हता.

मामा पलंगाची कड धरून खाली उतरला. डावं पाऊल टेकताना त्याच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. पलंग सोडून तो वाकला, माझ्या दोन्ही पावलांना हात लावला आणि हात कपाळाला लावले. एरवी मी मागे सरते, "असू दे, असू दे" म्हणते. त्या दिवशी सरले नाही, कारण सरले असते तर त्याला आणखी पुढे वाकावं लागलं असतं. तो परत वर चढला आणि आडवा झाला.

"आता लाव हात," तो म्हणाला.

मी पट्टी सोडली. करंगळी गेलेलीच होती. तिच्या शेजारच्या बोटाची कड जांभळी होती. सगळं पाऊल गार, उजव्यापेक्षा कितीतरी गार, आणि नडगीवरचे केस झडून कातडी चकचकीत झालेली. हा गारवा आणि ही कातडी मोज्याच्या आत पाच आठवड्यांपूर्वीही असणार. एका नजरेत कळलं असतं.

पावलाच्या वरच्या बाजूला मी जेली लावली आणि प्रोब टेकवला. चांगल्या पायात आवाज खणखणीत येतो, एकेका ठोक्याला दोन-तीन तुकड्यांत. इथे काहीच नाही. मी प्रोब केसभर हलवला, कोन बदलला, पुन्हा हलवला. नुसती खरखर.

"मशीन बंद हाय का?" मामानं विचारलं.

"चालू आहे."

इतकी वर्षं विजेची कामं केलेला माणूस. यंत्र चालू असून आवाज नसेल तर काय समजायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

घोट्याच्या मागच्या बाजूला, बऱ्याच वेळानं, एक आवाज लागला. मऊ, लांबलेला, एकसुरी. कुणीतरी कंटाळून श्वास सोडावा तसा. मी पट्टा फुगवत गेले. दोनशे, दोनशे वीस, दोनशे पन्नास. आवाज बंद व्हायला तयार नाही. कडक भिंत दबतच नव्हती. म्हणजे यंत्रानं त्या शनिवारी दिलेला आकडा या भिंतीचा होता, रक्ताचा नव्हता. मग मी अंगठ्याला छोटा पट्टा बांधला. तिथे हवा सोडताना पडद्यावरची नाडीची लुकलुकणारी रेघ परत आली ती सव्वीसवर. दंडाचा दाब दीडशेच्या जवळ आणि अंगठ्याचा सव्वीस. तीसच्या खाली जखम भरायची आशा धरू नये असं आम्ही मानतो.

शेवटी सोनोग्राफीच्या पडद्यावर मांडीतून खाली येणारी वाट बघितली. गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर रंग संपला. त्याखाली आजूबाजूच्या बारीक वाटांनी येणारे दोन-चार धागे, तेवढ्यावर तो पाय उभा होता. त्यावर तो रोज आळंदी रस्त्यानं चालत होता, मी सांगितलं म्हणून.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सर्जनना फोन केला. आकडे सांगितले. ते म्हणाले, "बोट थांबवतो. आधी वाट मोकळी करायला हवी. आत्ताच पाठवा." एवढंच. मी रिक्षा बोलावली आणि मामाला घेऊन खाली उतरले, या वेळी त्याचा दंड माझ्या खांद्यावर होता.

त्यानंतरचे तीन दिवस मला सलग आठवत नाहीत. हॉस्पिटलमध्ये सलाईनमधून औषधं चालू होती. पहिल्या दिवशी ताप उतरेना, आणि तिथले डॉक्टर मामीकडून एका कागदावर सही घेताना म्हणाले की वाट मोकळी झाली नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. मामीनं सही केली आणि मला म्हणाली, "तू वाचून घे, मले काई दिसत नाई." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी जांघेतून तार घालून मांडीतला अडथळा फुग्यानं उघडला. मी बाहेर बाकावर बसून होते आणि आतून डॉक्टर येईपर्यंत मी मनात एकच वाक्य तयार करत होते, मामीला काय सांगायचं ते. ते सांगायची वेळ आली नाही. चौथ्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. आठवड्यानं मी स्वतः अंगठ्याचा दाब घेतला, तो पंचावन्न होता. पाऊल ऊन लागत होतं. जखम भरायला साडेतीन महिने लागले, पण भरली.

लॅबमध्ये त्या स्वयंचलित यंत्राच्या वर आता मॅडमच्या अक्षरातली पाटी आहे: 'पेशंटचे मोजे काढल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. ही सूचना पेशंटसाठी नाही.' येणारेजाणारे वाचून हसतात. मी हसत नाही, पण पाटी पुसते रोज.

जखम भरत होती त्या महिन्यांत घरी नातेवाईक येत आणि मी त्यांना ही हकिकत सांगत असे. तोपर्यंत ती माझ्या तोंडात चांगली बसली होती. मी सांगायचे की बघा, या आपल्या रूढी. भाचीचा हात पायाला लागू नये म्हणून या माणसानं मोजा काढला नाही, आणि त्यापायी पाय गेला असता. माझी चूक मी लपवत नव्हते, तीही सांगायचे. पण तिच्या आधी रूढी सांगायचे. अमरावतीहून आलेली मावशी म्हणाली, "खरं हाय, काई काई गोष्टी सोडून द्याले पाह्यजे." मामा खुर्चीत बसून ऐकत असे.

एका रविवारी सकाळी मी ड्रेसिंग करायला विश्रांतवाडीला गेले होते. मामी खाली भाजी घ्यायला गेली होती. मामाचा पाय माझ्या मांडीवर, टॉवेलवर. आता तो हात लावू देत असे, दर वेळी आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून. मी कापूस भिजवत होते तेव्हा तो म्हणाला, "तू सगळ्यायले सांगतं का पाया पडायच्या पायी मोजा नाई काढला. तसं नाई, बाई."

"मग कसं?"

"फोड तवाच होता. त्या शनिवारी. ज्वारीच्या दाण्याएवढा. बुटानं झालता."

मी वर पाहिलं.

"म्या त्याले हयद-चुना लावला होता. तुह्या तिथं खुर्चीवर बसलो तं पडद्याच्या तिकडं तू त्या बुढीले बोलून राह्यली होती. चुना लावला म्हणून, झाकून ठेवलं म्हणून. लई बोलली तिले. ते आयकलं म्या." त्यानं नजर खिडकीकडे नेली. "हात लावाचं काय, पाया पडून घेतलं असतं अन् काढला असता मोजा. त्या दिवशी नंतर पडलोच ना? पण मले तुह्या बोलण्याचं भ्या वाटलं. म्हणून ते पापाचं सांगतलं."

जखम उघडी होती, त्यामुळे हात थांबवता येत नव्हता. मी कापूस फिरवत राहिले. ती म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली, तिचं नावही मी विचारलं नव्हतं. मी ओरडले म्हणून किती जणांनी पाय दाखवले, हे मला माहीत होतं. किती जणांनी मोजे घट्ट ओढून घेतले, ते मी कधी मोजलं नव्हतं, आणि आता मोजता येणार नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की मान वर करता येईना.

"रागावली का?" मामानं विचारलं.

मी "नाही" म्हटलं. ते इतकं हळू निघालं की त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पाय किंचित मागे ओढून घेतला आणि पुन्हा विचारलं.